कर्णा पाठच का दाखवतो? रानपाखरांच्या फोटोंबद्दल तुमचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की पक्ष्यांच्या फोटोंबद्दलचे प्रश्न एकदम वाढतात, कारण नवरंग आणि तिबोटी खंड्या यायची वेळ झालेली असते आणि सगळ्यांचे कॅमेरे बॅगेतून बाहेर आलेले असतात. या वेळी सह्याद्री आणि सातपुड्यातल्या जंगलात लपून राहणाऱ्या पक्ष्यांबद्दलचे प्रश्न तेवढे घेतलेत. सारखेच प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न – नमस्कार ताई, आंबोली आणि गोव्यातलं मोले इथे बऱ्याचदा जाऊन आलो. मलबार ट्रोगन दिसतो पण दर वेळी पाठमोरा. ज्या लाल पोटासाठी एवढी पायपीट करतोय त्याचा एक धड फोटो नाही. आणि जे मिळालेत ते अंधारे, हिरवट. नक्की कुठे चुकतंय? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर – पाठ फिरवली म्हणजे तुम्ही त्याला पाहायच्या आधी त्याने तुम्हाला पाहिलेलं असतं. आपला कर्णा म्हणजेच ट्रोगन, हा चाहूल लागली की लगेच भुर्र होणारा पक्षी नाहीये, त्याचा सगळा भरवसा गपचूप बसून राहण्यावर. नराचं लालभडक पोट हीच एक गोष्ट त्या हिरव्या काळोखात लांबून उठून दिसते, म्हणून शंका आली की तो तपकिरी पाठ तुमच्याकडे करतो आणि फक्त मान वळवून बघत राहतो. मग आपण काय करतो, बसलाय ना अजून, चला थोडं पुढे, असं म्हणत सरकतो, तो फांदी बदलतो, आपण परत मागे, आणि बघता बघता त्याला अख्खा ओहोळभर हाकलत नेतो. हे आधी बंद करा.

दिसला की आहे तिथेच खाली बसा. खरंच बसा, वाकून उभं राहणं वेगळं. झाडाच्या बुंध्याला टेकलात तर उत्तमच, कारण मग माणसाची उभी आकृती मोडते. कॅमेरा आधीच डोळ्याशी आणून ठेवा, मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) असेल तर हात भरून येत नाहीत, नंतर जो हात वर जातो ना त्यालाच तो बुजतो. आणि मग वाट बघायची. कर्णा मधल्या उंचीच्या एखाद्या आडव्या फांदीवर ताठ बसून आजूबाजूची पानं निरखत असतो, अळी किंवा काडीकिडा दिसला की झपकन जाऊन पानावरून उचलतो आणि पुष्कळदा वेगळ्याच फांदीवर येऊन बसतो. तिथे बसताना त्याचं लक्ष चोचीतल्या किड्यावर असतं, तुमच्यावर नसतं, त्यामुळे पोट दिसायची खरी संधी तीच. तुम्हाला जागा बदलायचीच असेल तर तो हवेत असताना बदला, टक लावून बघत असताना अजिबात नको.

अजून एक, एकटा कर्णा शोधत फिरू नका, थवा शोधा. थंडीत सकाळी ऊन पानांवर आलं की जंगलात मिश्र थवे निघतात, त्यात निखार, शिलींध्री, सुतार, माशीमार असे सगळे एकत्र चरत पुढे पुढे जातात. या गडबडीत किडे उडतात आणि कर्णा त्याचा फायदा घेत थव्याच्या कडेकडेने चालतो. थवा ओळखायची सोपी खूण म्हणजे भृंगराज, तो सतत काहीतरी बडबडत असतो, दुसऱ्यांच्या नकला करतो, शेपटाच्या दोन लांब तारा दिसल्या की समजायचं थवा आला. थवा कुठल्या बाजूला चाललाय ते बघून पुढे जाऊन बसा. मागून पाठलाग केला तर थवाही जातो आणि कर्णाही.

आता उजेड. सदाहरित जंगलात छताखाली किती अंधार असतो ते डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. पण बसलेल्या कर्ण्याला १/१००० चा शटर लागतच नाही हो, तो मिनिटं मिनिटं पुतळ्यासारखा बसतो! १/८०, अगदी १/६० वर या, लेन्सचं स्टॅबिलायझेशन चालू ठेवा, श्वास सोडून पाच-सहा फ्रेमचा छोटा बर्स्ट घ्या, त्यातली एखादी हमखास शार्प निघते. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० किंवा ६४०० ला घाबरू नका. थोडा नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, चालतो, हललेला फोटो मात्र कशानेच दुरुस्त होत नाही. फोकसला एकच पॉइंट वापरा कारण मधे पानं असली की ऑटोफोकस पानांवरच जाऊन बसतो, आणि मागे आभाळाचं भोक येणार नाही अशी जागा धरा, नाहीतर त्या पांढऱ्या ठिपक्यामुळे कॅमेरा पक्ष्याला काळा करून टाकतो.

हिरवटपणा येतो तो पानांतून गाळून आलेल्या उजेडामुळे, तो त्या जागेचाच रंग आहे, पण पक्ष्यावर नको असेल तर फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. नराच्या काळ्या छातीच्या आणि लाल पोटाच्या मधे एक पांढरा पट्टा असतो. घरी फोटो उघडल्यावर व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर नेमका त्या पट्ट्यावर टेकवा, सगळे रंग एका क्लिकमध्ये जागेवर येतात. आणि काढताना हिस्टोग्राममधला लाल रंगाचा आलेख वेगळा बघा, पोटाचा लाल फार लवकर जळतो आणि मग पिसंच दिसत नाहीत, नुसता लाल डाग दिसतो. तसं दिसलं तर एक्स्पोजर पाऊण स्टॉपने खाली आणा.

प्रश्न – ताई, आमच्या ग्रुपमध्ये मोबाईल आणि ब्लूटूथ स्पीकरवर नवरंगाचा कॉल लावतात आणि तो दोन मिनिटांत समोर येतो. कुणाला इजा होत नाही, पक्षी नंतर निघूनही जातो. मग यात एवढं वाईट काय आहे? सगळेच करतात. – एक वाचक, ठाणे

उत्तर – वाईट आहे, आणि मला यात मधला मार्ग दिसत नाही, म्हणून सरळ सांगते. नवरंग आपल्याकडे पावसाच्या तोंडावर येतो तो वीण करायला. त्याची ती दोन सुरांची शीळ म्हणजे ‘ही हद्द माझी’ असा जाहीरनामा असतो. तुम्ही स्पीकर लावला की त्याला वाटतं त्याच्या हद्दीत दुसरा नर घुसलाय. तो येतो ते कौतुकाने येत नाही, भांडायला येतो. किडे शोधणं सोडून, घरट्यासाठी काड्या गोळा करणं सोडून, कधी मादीला सोडून येतो, आणि समोर कुणीच सापडत नाही म्हणून शोधत राहतो. तुमचा ग्रुप गेला की दुसरा येतो, शनिवार-रविवारी मुंबईजवळच्या ठरलेल्या जागी किती ग्रुप येतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. प्रत्येकाचं ‘फक्त दोन मिनिटं’. त्या एका पक्ष्याचा सगळा दिवस एका नसलेल्या शत्रूच्या मागे जातो, आणि वर्षातून वीण करायला त्याला हे पावसाचे थोडे आठवडेच मिळतात.

शिवाय गरजच नाही. नवरंग पहाटे आणि संध्याकाळी स्वतःहून इतका बोलतो की त्याची हद्द कानांनी आखता येते. एक दिवस नुसतं ऐका, कॅमेरा घरी ठेवला तरी चालेल, तो कुठल्या झाडीतून बोलतो, मग कुठे जातो ते लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी तिथून वीस-पंचवीस मीटरवर जमिनीवर बसा किंवा सरळ पालथे झोपा. त्याचं सगळं खाणंपिणं जमिनीवर असतं, ओली पानं चोचीने उलटतो, दोन उड्या मारतो, थांबतो, आखूड शेपूट हळूच वर-खाली करतो. लेन्स जमिनीलगत असेल तर पुढची-मागची पानं धूसर होतात आणि मधे नऊ रंग घेऊन तो उभा असतो. कॉल लावून फांदीवर आणलेल्या, मान ताणून भेदरलेल्या नवरंगाचा फोटो याच्या जवळपासही येत नाही, आणि ज्याला पक्षी कळतात त्याला तो फोटो कसा काढलाय ते बघताक्षणी कळतं.

जाता जाता, प्रवासात थकलेले नवरंग शहरात बाल्कनीत, जिन्यात येऊन पडतात. असा सापडला तर हातात धरून फोटोसेशन करू नका. हवा जाईल अशा खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.

प्रश्न – आमच्या आगरात पऱ्ह्याच्या कडेला तिबोटी खंड्याने बीळ केलंय. दरवर्षी येतो. यंदा कुणीतरी बातमी बाहेर सांगितली, आता मुंबई-पुण्याहून फोटोग्राफर लोकांचे फोन येतायत, काही जण दिवसाचे पैसेही द्यायला तयार आहेत. येऊ द्यावं का? – एक वाचक, चिपळूण तालुका

उत्तर – तुम्ही आधी विचारलंत याचं फार बरं वाटलं. बिळापाशी कुणालाच येऊ देऊ नका.

कारण सांगते. हा पक्षी जेमतेम चिमणीएवढा. ओहोळाच्या मातीच्या कडेत आडवं बीळ खणतो, आत अंडी घालतो, आणि पिल्लं झाली की दोघं दिवसभर पाली, सापसुरळ्या, कोळी, बेडकं, छोटे खेकडे आणून भरवतात. आता समोर दहा मीटरवर चार ट्रायपॉड लागले की काय होतं ते तुम्हाला तुमच्या ओटीवरूनही दिसेल. नर चोचीत पाल धरून येतो, समोरच्या फांदीवर बसतो, आणि आत जातच नाही. डोकं वर-खाली करत बसून राहतो. फोटोग्राफरला वाटतं किती छान पोज देतोय, पाल धरून इतका वेळ! अहो तो पोज देत नसतो, त्याला बीळ कुठे आहे ते तुमच्यासमोर दाखवायचं नसतं, आणि आत पिल्लं उपाशी असतात. पावसाच्या दिवसांत आधीच शिकार कमी-जास्त, वर ओहोळाचं पाणी चढायची भीती. त्यात लोक फ्रेम स्वच्छ यावी म्हणून बिळासमोरची झुडपं छाटतात, आपल्या पसंतीची काठी रोवतात. ती झुडपं म्हणजे बिळाचं दार झाकणारा पडदा असतो, तो गेला की घोरपडीला आणि धामणीला वाट मोकळी.

कायद्याचंही सांगून ठेवते म्हणजे फोनवर बोलताना उपयोगी पडेल. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा पक्ष्याची अंडी किंवा घरटं यांना त्रास देणं हे शिकारीत धरतो, आणि जमीन खासगी आहे म्हणून तो लागू होत नाही असं नाही.

पैशांचं म्हणाल तर कोकणात पावसाळ्यात चार पैसे मिळत असतील तर ते नको असं इथे बसून सांगणं मला बरोबर वाटत नाही. एक करता येईल. हे पक्षी बिळाच्या आसपासच शिकार करत नाहीत, ओहोळाने खाली-वर लांबपर्यंत जातात. बिळापासून चांगलं चाळीस-पन्नास मीटर लांब, जिथून बीळ दिसतही नाही अशी, त्यांची नेहमीची बसायची फांदी तुम्हाला माहीत असेलच. तिथे दोन माणसांना, एका वेळी तासभर, बसू द्या, काहीही छाटायचं नाही, स्पीकर नाही, फ्लॅश नाही. हे मान्य नसेल त्याला नको म्हणा. तुमची जागा आहे, तुमचा पाहुणा आहे, तुमचा शब्द चालला पाहिजे.

प्रश्न – ताई, मी बारावीत आहे. पॉकेटमनी साठवून जुना डीएसएलआर घेतलाय, लेन्स ५५-२५० ची आहे. जंगलातल्या पक्ष्यांसाठी ६०० एमएम नसेल तर काही उपयोग नाही असं सगळे म्हणतात. खरं आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर – नाही. ६०० ची लेन्स घेऊ नकोस, निदान आत्ता नको. दाट जंगलात पक्षी आणि तू यांच्यात ५० मीटर मोकळी जागा मुळात सापडतच नाही, मधे पानं असतात, त्यामुळे लांबच्या लेन्सचा जो फायदा पाणवठ्यावर किंवा माळावर मिळतो तो इथे निम्माही मिळत नाही. तुझ्या लेन्सने पक्षी फ्रेममध्ये लहान येईल, मग येऊ दे ना. दगडाएवढा कस्तुर आणि त्याच्याभोवती शेवाळलेले खडक, पाण्याचा पांढरा पट्टा, वरून लोंबणारी वेल, असा फोटो मला पिसं मोजता येतील अशा क्लोजअपपेक्षा केव्हाही जास्त आवडतो, त्यात तो पक्षी राहतो कुठे ते दिसतं. पैसे जमले तर आधी चांगली दुर्बीण घे. आणि फोनवर मर्लिन अॅप टाकून आवाज ओळखायला शीक. जंगलात पक्षी आधी ऐकूच येतो, दिसतो नंतर.

प्रश्न – मेळघाटात जाणार आहे. रानपिंगळा आणि साधा पिंगळा यांच्यातला फरक फोटोत कसा ओळखायचा? मागच्या वेळी काढलेला फोटो रानपिंगळा म्हणून ग्रुपवर टाकला तर लोकांनी पिंगळाच आहे म्हणून सांगितलं. नक्की लोकेशनही कळवाल का? – एक वाचक, अमरावती

उत्तर – लोकेशन कळवणार नाही, कारण पुढे सांगते. आधी ओळख.

साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके खच्चून भरलेले असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, गडद राखाडी-तपकिरी. पंखांवर आणि शेपटीवर रुंद, ठसठशीत पट्टे. पोटाचा मधला भाग आणि पाय पांढरेशुभ्र, पायांवर दाट पिसं, त्यामुळे समोरून बघितलं तर पांढरी विजार घातल्यासारखा दिसतो. आणि वागणं बघा, हा चक्क दिवसा शिकार करतो, थंडीच्या सकाळी सागाच्या निष्पर्ण फांदीवर उन्हाला बसतो आणि शेपटी झटक्याने डावी-उजवी हलवतो. म्हणून फोटोसाठी डिसेंबर-जानेवारीची सकाळ सगळ्यात चांगली, कोवळं ऊन समोरून तोंडावर येतं, मागे सागाची वाळकी पानं, अंधाराशी झगडायची गरजच नाही. फोटो काढताना एकदा समोरून आणि एकदा पाठीमागून घ्या, डोकं आणि पट्टे दोन्ही नीट आले की मग कुणी वाद घालणार नाही.

आता लोकेशनचं. या पक्ष्याची गोष्ट माहीत असली की कुणीही त्याचा पत्ता सहज वाटणार नाही असं मला वाटतं. १८७३ मध्ये ह्यूम या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाने त्याचं वर्णन केलं, ब्लेविट या गृहस्थांनी मिळवलेल्या नमुन्यावरून, म्हणून शास्त्रीय नावात ब्लेविटी आहे. १८८४ नंतर त्याचा खरा नमुना कुणाला मिळाला नाही. मधे १९१४ चा म्हणून एक नमुना होता, कर्नल माइनर्ट्झहागन यांनी गुजरातेत मिळवल्याचा दावा केलेला, त्यामुळे लोक चुकीच्या ठिकाणी शोधत राहिले. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले तेव्हा कळलं की तो जुनाच, चोरलेला नमुना होता, नव्याने शिवून, खोटं लेबल लावून ठेवलेला. मग खऱ्या जुन्या नोंदींच्या मागावर त्या बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांच्यासोबत इकडे आल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, भर दिवसा उघड्या फांदीवर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनी! पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट, मध्य प्रदेशात आणि २०१४ मध्ये तर मुंबईपासून जवळ तानसा अभयारण्यातही तो सापडला. २०१८ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने त्याला अतिसंकटग्रस्तमधून संकटग्रस्तमध्ये आणलं, म्हणजे परिस्थिती जरा बरी आहे, पण फक्त मध्य आणि पश्चिम भारतात राहणारा, जगात दुसरीकडे कुठेच नसलेला पक्षी आहे हा.

आणि तो आपली हद्द सोडत नाही. एकदा झाड कळलं की त्याच झाडाखाली वर्षानुवर्षं माणसं येत राहणार, ढोलीत पिल्लं असतानाही. म्हणून तुम्हीही फोटो टाकताना फक्त ‘मेळघाट’ लिहा, फाइलमधली जीपीएसची माहिती काढून टाका, आणि वीण चालू असेल तर हंगाम संपेपर्यंत टाकूच नका. जायचं असेल तर वनविभागाची परवानगी आणि त्यांचा गाइड घेऊन जा, अभयारण्यात फोटोग्राफीला परवानगी लागते आणि ड्रोन तर विनापरवाना उडवायचाच नाही. तिथल्या कोरकू गाइडच्या नजरेला जो पक्षी लागतो तो आपल्या कुणाच्या दुर्बिणीला लागत नाही.

प्रश्न – आम्ही दोघं निवृत्त. जानेवारीत केरळात तट्टेकाडला जातोय, फक्त फ्रॉगमाउथ बघायला. गाइड रूस्टपर्यंत, म्हणजे तो दिवसा विसाव्याला बसतो तिथपर्यंत, नेतो म्हणे. तिथे काय काळजी घ्यावी? फ्लॅश वापरला तर चालतो का? – एक वाचक, पुणे

उत्तर – फ्लॅश नको. फ्रॉगमाउथ निशाचर आहे, दिवसा जोडीने एकमेकांना चिकटून, बऱ्याचदा आपल्या डोक्याच्या उंचीलाच वेलींच्या जाळ्यात वाळक्या पानासारखा बसतो. राखाडी झाक असलेला नर, तांबूस ती मादी. तो तुमच्यासमोरून हलणार नाही, याचा अर्थ त्याला त्रास होत नाही असा मात्र घेऊ नका. त्याची एक खूण आहे, घाबरला की चोच हळूहळू वर आभाळाकडे करतो आणि डोळे मिटत मिटत एक फट ठेवतो, म्हणजे तुटक्या फांदीचं सोंग घेतो. असं केलं की दोन पावलं मागे या. चोच खाली आली की मगच कॅमेरा उचला. १/३० चा शटर, ट्रायपॉड, बस्स, तो हलतच नाही. गाइड फांदी बाजूला करायला निघाला तर तुम्ही नम्रपणे थांबवा, वयाने मोठ्या माणसांनी सांगितलं की ऐकतात. पाच-सात मिनिटांत निघा, मागे रांग असेलच. मार्चच्या आसपास तो एकच अंडं घालतो, आणि दिवसा ते नर उबवतो, त्यामुळे एकटाच बसलेला नर दिसला तर बहुतेक त्याच्याखाली अंडं आहे असं समजून लांबूनच परत फिरा.

प्रश्न – गणेशगुडीला पक्ष्यांसाठी पाण्याची भांडी ठेवलेली असतात तिथे बसून फोटो काढणं म्हणजे खरी वाइल्डलाइफ फोटोग्राफी नाही असं एक जण म्हणाला. तुमचं मत? – एक वाचक, बेळगाव

उत्तर – मला त्यात काही गैर वाटत नाही. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात पाणी ठेवलं, पक्षी स्वतःच्या मर्जीने आले, तुम्ही पडद्याआड गप्प बसलात, संपलं. पाठलागापेक्षा हे शंभर पटीने बरं, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसालाही जंगलातले लाजरेबुजरे पक्षी मनसोक्त बघता येतात. माझी हरकत आहे ती किडे-अळ्या टाकून रोज बोलावण्याला आणि घरट्यासमोर हाइड (लपून बसायचा आडोसा) लावण्याला. धनेशाच्या ढोलीसमोर तर नकोच नको. मादी ढोलीत स्वतःला चिणून घेते, फट तेवढी ठेवते, आणि त्या फटीतून तिचं आणि पिल्लांचं पोट एकटा नर भरतो. नर बुजून आला नाही तर आत सगळे उपाशी. धनेश हवा असेल तर पिकलेला वड, उंबर, नांदरुख शोधून त्याच्याखाली बसा.

प्रश्न – पावसाळ्यात आंबोली-तिळारी करायचं आहे. जळवा, लेन्सला बुरशी, साप, या सगळ्याचं काय करायचं? घरचे घाबरवतायत. – एक वाचक, मुंबई

उत्तर – जळवा चावतात, दुखत नाही, रक्त जरा जास्त वेळ येतं. लीच सॉक्स घाला, ओढून काढू नका, नखाची कड घालून हळूच सोडवा. सापांचं म्हणाल तर आंबोलीच्या पावसात चापडे बाहेर असतात, शेवाळी रंगाचे, फांदीवर गप्प पडलेले. हात टेकायच्या आधी, बसायच्या आधी टॉर्चने बघायची सवय लावा, गमबूट घाला.

मला जास्त काळजी वाटते ती गोचिडांची. दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरी भागात माकडतापाच्या केसेस होतात, हा मुख्यतः हिवाळा-उन्हाळ्यातला आजार, म्हणजे नेमका कर्ण्याच्या आणि धनेशाच्या सीझनचा. त्या दिवसांत पालापाचोळ्यात थेट पालथे झोपू नका, खाली चादर टाका, पूर्ण बाह्या, पँट सॉक्समध्ये खोचलेली, परत आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे लगेच धुवायला. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनविभागाला कळवा. नंतर ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा.

कॅमेऱ्याचं सोपं आहे. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या बॅग उघडू नका, अर्धा तास बंदच ठेवा, नाहीतर काचेवर वाफ धरते आणि समोर पक्षी असून काही दिसत नाही. एसी शक्यतो बंदच ठेवा. रात्री मुक्कामावर लेन्स कोरड्या फडक्याने पुसून, टोपणं काढून, सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. जेल ओलं झालं की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरता येतं. घरी आल्यावर बॅगेत लेन्स तशीच कोंबून ठेवू नका, बुरशी जंगलात धरत नाही, ती घरी कपाटात, ओलसर बॅगेत धरते. बॅग वेगळी वाळवा, लेन्स वेगळी ठेवा, आणि आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरा.